डिटेक्टरसाठी योग्य जागा

२९ मार्च, रविवार
आजपासून नवी वही. छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून बसून रेल्वेचं जर्नल भरलं, आता स्वतःच्या गाडीचं भरतो. गाडी कन्व्हर्टिबल आहे. घरचे तिला जिप्सी म्हणतात. कंपनीनेही तेच नाव दिलं होतं हे खरं, पण कापडी छत काढलं की वर थेट आकाश, आणि जगभर अशा गाडीला कन्व्हर्टिबलच म्हणतात.

बहिणीच्या मुलाने, अश्विनने, अमेरिकेतून रडार डिटेक्टर पाठवला. पुढे कुठे पोलीस स्पीड मोजत असतील तर हा आधीच टीं टीं करतो. आपण ब्रेक मारायचा. बस्स.

गरज अशी की दोन चालानं होऊन गेलीत. चेतनाचं फर्मान आहे: तिसरं आलं की गाडी तिच्या भावाला, प्रशिकला, अभनपूरच्या शेतावर. तो कधीपासून टपून बसलाय. इकडे मी जयंती मंडळाला शब्द दिलेला आहे की १४ एप्रिलच्या रॅलीत बाबासाहेबांची तसबीर माझ्या गाडीवर राहील आणि स्टेअरिंगवर मी. तेव्हा चौदा तारखेपर्यंत चालान नको.

चेतना म्हणाली, अहो, पण दोन्ही चालान उभ्या गाडीचेच तं होते. एक गोल बाजारात नो-पार्किंगचं, एक झेब्राच्या पट्ट्यावर उभं राहिल्याचं. मी म्हटलं, चालत्या गाडीला ते पकडू शकले नाहीत, यावरून स्पीडचा अंदाज कर.

३० मार्च
जागा ठरली. विंडशील्डच्या मधोमध, आरशाखाली. रबरी चकती दाबली की चिकटते. पाच मिनिटांचं काम. लोक उगाच अशा गोष्टींचा बाऊ करतात.

३१ मार्च, दुपार
चकती उन्हाने मऊ पडली. डिटेक्टर सुटून पायावर आला. पाय तिथे होता म्हणून यंत्र वाचलं. क्लच सुटला, गाडी पंडरीच्या बाजारात भर रस्त्यात बंद. मागचा ई-रिक्षावाला म्हणाला, अंकल, यहीं घर बसा लिए क्या.
किंचित लंगडतोय.

२ एप्रिल
डॅशबोर्ड. सपाट, भक्कम, नजरेसमोर. फक्त तिथे आईने बसवलेली बुद्धमूर्ती आहे. ती जरा डावीकडे सरकवून डबल टेप लावत होतो, तेवढ्यात आई आली. पंच्याऐंशी वय, पण पावलांचा आवाज होत नाही. विचारलं, धरमा, तथागताले सरकवून हे काय बसवून राहिला? मी समजावलं की पुढे पोलीस असला तर हे सांगतं. आई म्हणाली, मंग गाडी हळू चालव ना बाबू, सांगाचं कामच काय.
जुन्या लोकांना टेक्नॉलॉजी समजावणं अवघड. मूर्ती परत मध्ये. तसंही डॅशबोर्ड इंजिनाबरोबर थरथरतो.

४ एप्रिल
आता आरशाला क्लिपने. जागा उत्तम. एकच बारीक अडचण, छत उघडं असलं की उन्हात स्क्रीन दिसत नाही. छत लावलं की दिसते, पण मग कन्व्हर्टिबल घेतलीच कशाला?
मध्यम मार्ग काढला. छत उघडं, आणि डोक्यावरून पुढे आरशापर्यंत टॉवेल. स्क्रीन अगदी स्पष्ट. रस्ता थोडा कमी. रुचिताला बँकेत सोडायला निघालो, ती पहिल्याच वळणावर उतरली. म्हणाली, पप्पा, मैं ऑटो से चली जाऊँगी, आप देख लो अपना. ही पोरगी मराठीत ऐकते आणि हिंदीत नकार देते.

६ एप्रिल
पंडरीत पूर्ण चाचणी. चेतना शेजारी होती. कापडाच्या शोरूमपुढे डिटेक्टर वाजला. ब्रेक. दागिन्यांच्या दुकानापुढे वाजला. ब्रेक. पुढच्या शोरूमपुढे पुन्हा. पोलीस एकही दिसला नाही, म्हणजे लपून बसले असणार. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. बेसावध माणूस.
घरी रुचिताने मोबाइलवर शोधलं. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे असतात ना, त्यांच्या लहरींवर हा वाजतो म्हणे. म्हणजे बघा, कोणी साडी घ्यायला आत शिरलं तरी याला कळतं. रडारची काय कथा.
मग तिने विचारलं, पप्पा, इसकी मैक्सिमम स्पीड कितनी है? मी म्हटलं, वाऱ्यावर आहे. चेतना स्वयंपाकघरातून म्हणाली, पन्नासच्या वर गेली का दाराची कडी सुटते, अन् ती मीच धरून बसते.

७ एप्रिल
नवा प्रश्न. उघड्या गाडीत डिटेक्टर सोडून जाता येत नाही. दर वेळी काढून भाजीच्या पिशवीत टाकतो. आज घरी येऊन बघतो तर मेथीखाली गुदमरलेला. भाजीवालीने विचारलंच होतं, भैया, बीपी के मसीन हे का? मी हव हव करत मान डोलावली. गुप्तता हवी.

९ एप्रिल
सापडली.
चूक ही होत होती की मी जागा डोळ्यांसाठी शोधत होतो. उघड्या गाडीत खरा प्रश्न कानाचा आहे. वाऱ्यात टीं टीं ऐकूच येत नाही. गार्डला हे आधीच सुचायला हवं होतं, आमचं अर्धं काम कानावर चालतं. सीटच्या मागे लोखंडी दांडा आहे, त्यावर उजव्या कानाजवळ एक बोल्ट आहे. सबंध गाडीत न हलणारी वस्तू तेवढीच. तिथे पट्टी कसून डिटेक्टर बसवला. ऊन नाही, थरथर नाही, चोराला पाना लागेल.
बोल्ट सीटबेल्टचा होता. बेल्ट तात्पुरता सीटखाली गुंडाळून ठेवला.
चेतनाने विचारलं, पट्टा काहून काढला? मी म्हटलं, चौदा तारखेपर्यंतच. ती पोळी उलटायला आत गेली. पटलं असावं.

१० एप्रिल
अप्रतिम. प्रत्येक दरवाजा स्वच्छ ऐकू येतो. मंडळात जाऊन सांगून आलो की गाडी शंभर टक्के तयार आहे. अश्विनला फोटो पाठवला. तो म्हणाला, मामा, आयडिया भारी, पण हाच बोल्ट का? मुलांना मूलभूत विचार करायची सवय नाही.

१२ एप्रिल, रविवार
चालान आलं. गाडीच्या कागदांवर नंबर रुचिताचा आहे, तिच्या मोबाइलवर आलं.
पंडरीचा सिग्नल. लाल. गाडी झेब्राच्या पट्ट्याच्या अलीकडे, अगदी नियमात उभी. कॅमेऱ्याने टिपलेला फोटो फारच स्पष्ट, कारण छत उघडं. मान उजवीकडे कलवून, डोळे मिटून मी डिटेक्टरला कान लावलेला. छातीवर बेल्ट नाही.
त्या क्षणी तो वाजत होता हे मला पक्कं आठवतं. दागिन्यांचं दुकान.
वाटलं, चेतना चिडेल. तिने बराच वेळ फोटो पाहिला आणि म्हणाली, चांगले आले तुम्ही. मग म्हणाली, तिसराही उभ्या गाडीचाच. आणि प्रशिकला फोन लावला.

१३ एप्रिल
प्रशिक सकाळच्या बसने हजर. गाडीत बसल्या बसल्या विचारलं, भाऊजी, बेल्ट कुठं हाये? सीटखालून ओढला, माझाच पाना घेऊन जागेवर कसला आणि डिटेक्टर माझ्या हातात दिला. तुमचं हे.
मी चेतनाला म्हटलं, उद्याचा दिवस चावी मला दे, परवा गाडी त्याची. रॅली पायी चालणाऱ्यांच्या चालीने जाते, त्यात स्पीडचं चालान कसं येईल? ती म्हणाली, हेच तं मी पंधरा दिवसांपासून सांगून राहिली.
मंडळाला काय सांगू? दुपारभर शर्टाची बटणं लावत-काढत बसलो. शेवटी अध्यक्षांकडे प्रशिकच जाऊन आला. त्यांनी म्हणे एवढंच विचारलं, तसबीर कोण धरणार?

१४ एप्रिल, संध्याकाळ
स्टेअरिंगवर प्रशिक. शेजारी पांढऱ्या लुगड्यात आई, पुढे मूर्ती आपल्या जागी. मध्ये तसबीर, झेंडूच्या हारांनी भरलेली. ती कुठे कसायची यावर मंडळात बराच खल झाला. मी सांगितलं, ही गाडी मला माहीत आहे, हिच्यात काहीच नीट कसलं जात नाही, माणूसच लागेल. म्हणून मागच्या सीटवर मी, दोन्ही हातांनी चौकट धरून. पुढचं काही दिसत नव्हतं. मान वळवली की मागे येणारी सगळी माणसं दिसत होती, आणि त्यांच्यात चेतना आणि रुचिता.
निघायची वेळ झाली तरी प्रशिक गाडी सोडेना. आरशातून माझ्याकडे बघत राहिला. आई मागे वळून म्हणाली, धरमा, तुह्याच्यासाठी थांबला ना तो.
छत्तीस वर्षं गार्डचा हिरवा झेंडा दाखवला, आज एक हात सोडून सीटवरचा निळा झेंडा वर केला. गाडी सुटली.
तसबीर हलली नाही. डिटेक्टर शर्टाच्या खिशात होता, वायरशिवाय. तोही हलला नाही.