दुसऱ्या गाडीचा चिमटा

८ सप्टेंबर, सोमवार

माझ्या यतीनने आज मुदत दिली. स्वतःच्या पोरीला! दसऱ्यापर्यंत ती गाडी आपल्या चाकांवर मांडवातून बाहेर निघाली तर मांडव सलोनीचा. तिथे तिने खुशाल गॅरेज काढावं. नाही निघाली तर गाडी भंगारात आणि सलोनी कुणाच्या तरी हापिसात. मांडव केळ्यांचे घड ठेवायला बांधला होता. आता घड कुठले? एखादा उतरला तर यतीन त्याचा फोटो काढतो.

सलोनी म्हणाली, "चालेल, बाबा."  दोन गॅरेजांत कामाला होती. एकाने गाड्या धुवायला लावल्या, दुसऱ्याने बिलं लिहायला. पान्याला हात लावू दिला नाही. तिथेही असंच 'चालेल' म्हणाली आणि निघून आली.

गाडी ती रेसची मोटारसायकल, लाल, पोटावर झोपून चालवायची. जुनी घेतलेली. तिचं मागचं चाक ज्यात धरलेलं असतं तो लांब लोखंडी चिमटा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला. जोडावर तडकलाय. मी बघितलं – नख आत जातं! अशी चालवली तर चाक एकीकडे आणि पोरगी एकीकडे. तसाच नवा मिळत नाही, कंपनीने ते मॉडेलच बंद केलं. म्हणून सलोनी दुसऱ्या, मोठ्या गाडीचा चिमटा आणून हिला बसवणार.

यतीन हसला. "म्हशीचा पाय बकरीला लावणार?"

मी म्हटलं, "हिच्यासाठी स्थळं आणतोस तेव्हा दुसरं काय करतोस?"

सगळं तोंडाने बोलले तर घरात कुणी जेवणार नाही. उरलेलं इथे लिहिते.

११ सप्टेंबर, गुरुवार

सलोनीबरोबर नालासोपाऱ्याला भंगारवाल्याकडे गेले. मेलेल्या गाड्यांची ही रांग! आत एक चिमटा टांगलेला. ॲल्युमिनियमचा, जाड, तरी हलका. तो बघून सलोनीचं तोंड असं उजळलं की भंगारवाल्याने भाव तिथेच वाढवला असणार. मी तिला वडापाव आणायला पिटाळली.

मग मी बसले. "हे काय, झोपाळ्याचं मोडकं कडं?"

"अम्मा, बडी गाडी का चिमटा है! सुपरबाईक!"

"सुपर होती तर मेली कशी?"

तो हसला, तिथेच हरला. अर्नाळ्याच्या कोळणींशी पापलेटासाठी भांडत जन्म गेला माझा, हा तर कालचा. वडापाव येईपर्यंत चिमटा माझ्या मांडीवर.

परत येताना सुनेच्या स्कूटरवर सलोनी पुढे, मी मागे, आडवा चिमटा जुन्या साडीत गुंडाळून. पोलिसाने अडवलं. "आजी, काय आहे हे?"

"हाड आहे. मोडलंय, बदलायला चाललोय."

सोडलं बिचाऱ्याने.

घरी आलो तर यतीन दारात. "आई, पितृपक्ष चालू आहे! पितृपक्षात नवीन वस्तू आणतात?"

म्हटलं, "नवीन कुठे रे? मेलेल्या गाडीचा आहे. हा पंधरवडा त्याचाच!"

आत गेला. पंखा लावायचा आवाज आला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

विनयाने चिमटा घासायला सलोनीला माझी भांड्यांची नवी घासणी दिली. मला न विचारता. सून म्हणून आली तेव्हा पाणी पितानासुद्धा विचारायची. – चमकला मात्र!

१४ सप्टेंबर, रविवार

बसत नाही.

चिमट्याचं पुढचं टोक गाडीच्या सांगाड्यात शिरतं आणि आडवा बोल्ट त्याला धरून ठेवतो. तर टोक रुंद, जागा अरुंद! आणि भोक एवढं मोठं की आमचा बोल्ट आत खुळखुळतो. यतीन मुद्दाम चहा घेऊन मांडवात आला. नुसता फुर्रफुर्र करत प्यायला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

सलोनी म्हणते, टोक दोन्ही बाजूंनी तासायचं आणि भोकात पोलादी नळी बसवायची, म्हणजे बोल्ट घट्ट.

म्हटलं, मग तोंड काय बघतेस? तास.

म्हणते, "आजी, हे घरी होत नाही. मशीन लागतं."

१६ सप्टेंबर, मंगळवार

सातिवलीला प्लासिडकडे गेलो. ह्यांचा जुना दोस्त. त्याच्याकडे लेथ आहे, आणखी कसली कसली मशीनं आहेत. सलोनीने कागदावर काढून दाखवलं. त्याने चष्मा वर केला, खाली केला, कागद परत दिला.

"वहिनी, मी नाय करणार. ॲल्युमिनियम एकदा कापलं की कापलं, त्याला परत मांस चढत नाय. आणि उद्या रस्त्यात चाक निसटलं तर लोक मला धरतील."

मी म्हटलं, "प्लासिड, चाक निसटलं तर माझी नात जाईल. तुला धरायला लोक कशाला? मीच येईन. म्हणून नीट काप."

त्याने कागद परत मागून घेतला. मग सलोनीला म्हणाला, "तुझी आजी तरुणपणी पण अशीच होती. तुझा आजोबा उगाच नाय माझ्याकडे येऊन बसायचा."

कापायला घेतलं. मी बाहेर बाकड्यावर. आवाज असा की दातांना कळ लागली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

चिमटा बसला! बोल्ट हाताने आत गेला, लोण्यात सुरी गेल्यासारखा. विनयाने शिरा केला. सलोनीने चाक लावलं आणि माझा फुलं ओवायचा दोरा मागितला. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी ताणला. मग शिऱ्याची वाटी खाली ठेवली.

मागचं चाक पुढच्याच्या रेषेत नाही. डावीकडे सरकलंय. साखळी तिरकी जाते.

"मी चिमट्याचा मध्य काढला, आजी. दोन्हीकडून सारखं कापून घेतलं. पण हा चिमटा मुळातच एका अंगाला जास्त आहे, त्या गाडीचं इंजिन रुंद. मी साखळीपासून मोजायला हवं होतं."

"मग आता?"

"आता कापून झालं."

शिरा विनयाने आणि मी खाल्ला. साजूक तुपातला. टाकायचा थोडाच!

२० सप्टेंबर, शनिवार

सलोनी उठली नाही. यतीन म्हणतो, हापिसातल्या माणसाला फोन करून ठेवतो. मी म्हटलं, "दसरा आलाय का?" म्हणाला, "नाही." "मग फोन खाली ठेव."

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. ह्यांच्या नावाचं पान वाडीतल्या तळ्याच्या, बावखलाच्या काठावर ठेवलं. चिमटा तिथेच कुंपणाला टेकवलेला, सलोनीने रागाने काढून ठेवला होता. कावळा आला. आधी चिमट्यावर बसला. चांगला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. मग उडी मारून पानाला शिवला.

यतीन बघत होता. मला काही बोलायला लागलंच नाही!

दुपारी सलोनीला उठवलं. "ऊठ. तुझ्या आजोबांनी पास केलंय." हसली, ताटावर बसली. अळूवड्या होत्या. चार खाल्ल्या. पाचवी खाताखाता थांबली आणि म्हणाली, "उजवीकडून आणखी कापायचं आणि डावीकडे तेवढीच पोलादी चकती घालायची. अख्खा चिमटा उजवीकडे येईल."

उपाशी पोटी कुणाला काही सुचत नाही, ते एवढ्यासाठीच.

२४ सप्टेंबर, बुधवार

पुन्हा प्लासिड. ह्या वेळी सलोनीने त्याला लगेच कापू दिलं नाही. आधी तिने मोजलं, मग त्याने मोजलं, मग दोघं भांडली, मग पुन्हा मोजलं. मी डबा नेला होता, सुकटीची चटणी आणि भाकरी. प्लासिड म्हणाला, "वहिनी, आता नाय चुकत." चटणी खाऊन म्हणाला की आधी, ते आठवत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

दोरा सरळ! ह्या बाजूने सरळ, त्या बाजूने सरळ! मी स्वतः गुडघ्यावर बसून बघितलं. उठताना दोघींनी उचललं ती गोष्ट वेगळी.

मग म्हणे मागचा शॉक, ती धक्के झेलणारी स्प्रिंग, दाबून बघायची, वजन पाहिजे. तांदळाचं पोतं आणा म्हटलं तर सलोनी माझ्याकडे बघते! बसवलं मला. एका बाजूला पाय सोडून, सुनेच्या खांद्याला धरून.

"आजी, जरा उडी मार."

"तुझ्या बापाला सांग."

तरी मारली. चाक कुठे घासत नाही म्हणाली. विनया एवढी हसली की मी पडलेच असते.

आता ब्रेकची नळी आखूड पडतेय आणि लांब साखळी यायचीय. दुकानदार रोज उद्या म्हणतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. नळी आणि साखळी काल संध्याकाळी आली! सगळं काम आज. आणि सकाळी सकाळी यतीन – "आज हत्यारांची पूजा. पूजेनंतर हत्याराला हात लावायचा नाही. आपल्या घरात रीत आहे."

पाने, पक्कड, कोयता सगळं गोळा करायला निघाला. पोरीची मान खाली. एरवी ह्याला एकादशी कधी ते कळत नाही!

रीत मला शिकवतो. पूजा झाल्यावर हात लावायचा नाही, खरं आहे. पण ह्या घरात हत्यारं मी पुजते, आणि मी आंघोळ केल्याशिवाय पूजा करत नाही.

मी आंघोळ केली नाही.

ओट्यावर बसून राहिले. यतीन दर थोड्या वेळाने येतो. "आई, आंघोळ कर ना."

"पाणी गार आहे."

"गीझर लावतो."

"गीझर मशीन आहे. आज मशीनला हात लावू नये म्हणालास ना?"

"मग चुलीवर तापवून देतो!"

"लाकडं फोडायला कोयता लागेल."

आत मांडवात खट् खट् चालू. दुपारी जेवलेसुद्धा नाही. पारोशाने कसं जेवायचं? शेजारची सरू विचारून गेली, बरं नाही का. म्हटलं, एवढी बरी कधीच नव्हते.

उन्हं बावखलात उतरली तेव्हा सलोनी बाहेर आली. हात कोपरापर्यंत काळे. "झालं, आजी."

म्हटलं, "यतीन, गीझर लाव."

लावला! मग पाने पुजले. एकेक पुसून, हळद-कुंकू लावून. पान्यांत एक बारका होता, तो मी दोनदा पुसला. त्यानेच म्हणे शेवटचा बोल्ट आवळला.

२ ऑक्टोबर, गुरुवार – दसरा

सकाळीच गोंधळ. विनयाने हौसेने झेंडूची माळ मागच्या चिमट्याला गुंडाळली. सलोनी ओरडत धावली, "आई, साखळीत जाईल! चाक धरेल!" माळ काढून पुढच्या दिव्याला घातली. नारळ यतीन गाडीवरच फोडणार होता, तोही काढून घेतला. ब्रेकवर पाणी नको म्हणे. दगडावर फोडला.

मग बसली. गाडी काय ओरडली! माडावर बसलेले कावळे पार पलीकडच्या वाडीत. मांडवातून बाहेर आली, आपल्या चाकांवर, ओट्यासमोरून, फाटकातून. आधी हळू. वळणाच्या आधी तिने हात सोडून बघितले. सोडून! गाडी सरळच्या सरळ. मग गेली अर्नाळ्याच्या रस्त्याला.

आम्ही फाटकात. विनया देवाचं नाव घेत होती. यतीन नुसता रस्त्याकडे बघत होता, चष्मा पुसायचा आणि पुन्हा बघायचा. मी खुर्ची मागवली. उभं राहून ती लवकर येणार थोडीच.

आली! किल्ल्यासमोरच्या वाळूपर्यंत जाऊन आली. केसांत वाळू, दात सगळे बाहेर. "आजी, रुळावरून चालल्यासारखी चालते!"

यतीनने सोनं दिलं तिला. मी म्हटलं, "मांडव तिचा म्हण."

"म्हटलं ना, आई."

"मोठ्याने म्हण. सरूला ऐकू जाऊ दे."

म्हणाला. सरू कुंपणाशीच होती. रात्रीपर्यंत अख्ख्या आगाशी गावात होईल.

मी श्रीखंड दोनदा घेतलं. मला गोड चालत नाही. आजही चाललं.

६ ऑक्टोबर, सोमवार

गाडी बघायला माणसं येतात. जूचंद्रहून दोन पोरं आली, जमिनीवर आडवी पडून चिमट्याचे फोटो काढले. एकाने यतीनला विचारलं, "काका, कुठल्या मेस्त्रीने बसवला?" मी कान लावून होते. यतीन म्हणाला, "माझ्या मुलीने." मग त्यांना मोठ्या गाडीचा चिमटा, उजवीकडचा काप, डावीकडची चकती असं सगळं सांगत बसला. जसं काही सातिवलीला हाच गेला होता! सगळं बरोबर सांगितलं मात्र. फुर्रफुर्र करत काय काय बघत होता कोण जाणे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

मांडवाला पाटी लागली. सलोनीचं नाव. अक्षर जरा वाकडं आहे, पण लांबून वाचता येतं.

१२ ऑक्टोबर, रविवार

सलोनीने गाडी विकली. गास गावचा ॲलिस्टर घेऊन गेला. मला विचारलं नाही, कुणालाच नाही. म्हणते, "आजी, मला ती चालवायची नव्हती गं. बसते की नाही ते बघायचं होतं. बसली." आणि टेम्पोतून दुसरं एक धूड उतरवलं, त्याला इंजिनच नाही! शिट्टी वाजवत मांडवात गेली.

यतीन कधीचा ओट्यावर तोंड पाडून बसलाय. विचारलं, आता तुला काय झालं?

म्हणाला, "मला एकदा चालवून बघायची होती, आई."