शर्यतीची जोडी

रविवार, दुपार

चि. भिंगरी हिला आजीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या जन्माच्या आधीपासून कुरकुरतोय, त्याचं काय एवढं. तू आत्याकडे नीट जेवतेस ना? तिच्या हातचं अळणी असतं, वरून मीठ घेत जा, लाजू नकोस. खोकी भरायच्या कामाला लागलीस असं तिने कळवलं. उभ्याने काम असेल तर चपला बऱ्या घाल.

शेजारीण जिन्यावरून पुन्हा घसरली. काही मोडलं नाही, तोंड तर मुळीच नाही.

तुझी सायकल खिडकीपाशी खुंटीला तशीच आहे. जाताना म्हणालीस, "विकून टाक, आजी. मी वळणावर घाबरले. घाबरटांचा नाही हा खेळ." मी तेव्हा भांडी घासत होते. घासतच राहिले. 

परवा तो सायकल दुकानवाला रस्त्यात भेटला. म्हणाला, "आजी, पोरीची ती टायरची जोडी अजून माझ्याकडेच पडून आहे. नेताय, की देऊ दुसऱ्या कोणाला?" रात्रभर पंख्याकडे बघत पडले. आज लिहायला बसले. अक्षर माझं कोंबडीच्या पायांचं, पण वाच.

निवडीच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझ्या टायरला काच लागून चीर पडली होती. तू कामावर होतीस म्हणून मला दुकानात पाठवलंस. त्याने जोडी काढून ठेवलीच होती.

"ही शर्यतीची. हलकी, मऊ. ओल्या वळणावरसुद्धा रस्ता धरते."

"टिकते किती?"

"आजी, ही काय टिकायला घेतात? टिकायला ती जाड, सरावाची. हजारो किलोमीटर हूं का चूं करत नाही."

"मग जाड दे."

"पण पोरीने तर..."

"पोरीनंच निरोप दिलाय. तू दुकान चालव, आमचं घर नको चालवूस."

आणि घरी येऊन तुला सांगितलं, शर्यतीची संपली होती. तू म्हणालीस, "असू दे, आजी, याच्यावर जाते." चाकं मांडीवर घेऊन तूच ते टायर चढवलेस. मी दिवा धरून उभी होते.

आता तू म्हणशील, म्हातारीला काय कळतंय टायरमधलं, टिकाऊ ते चांगलं वाटलं असेल बिचारीला. हेच तुला सांगायचं मी ठरवलंही होतं. पण सदतीस वर्षं मी बुटांच्या कारखान्यात तळ निवडायला बसत होते. रबरात नख रुतवायचं. खूण राहिली तर मऊ, लवकर झिजेल पण ओल्या फरशीवर पाय धरून ठेवेल. खूण नाही राहिली तर कडक, वर्षानुवर्षं जाईल आणि ओल्यात सरकेल. त्या दुकानात मी दोन्ही टायरांना नख लावून बघितलं, बाई. मला कळलं होतं. सकाळी पाऊस येणार हेही गुडघ्याने सांगितलं होतं.

तू पडावीस असं मनात नव्हतं. तेवढी वाईट नाही मी. तू जरा मागे राहावीस, एवढंच. पहिल्या चौघींना संघात घेणार होते आणि दोन वर्षं परगावी ठेवणार होते. तू पाच वर्षांची होतीस तेव्हापासून या खोलीत आपण दोघीच. दुसरा पलंग रिकामा बघायचा नव्हता मला. तुझं चाक ओल्या वळणावर सरकलं, कोपर सोलवटलं, तू सहावी आलीस. मी हळद लावली आणि मनात म्हटलं, राहिली बाई घरात.

आणि पंधरा दिवसांत तू आत्याकडे निघून गेलीस. पलंग तर रिकामाच आहे.

माफी मागायची मला सवय नाही, नीट जमणारही नाही. काल ती जोडी आणली. आज सकाळी दोन चमच्यांनी कडा उचलत मीच चढवली, एक नख उखडलं. दुकानवाला सांगत होता, दोन महिन्यांनी पुन्हा निवड आहे. सरावाला ती जाडच वापर, ही शर्यतीच्या दिवशी घाल. हे तुलाच जास्त कळतं, मी उगाच सांगतेय.

ये, मला काय बोलायचं ते तोंडावर बोल, सायकल घे आणि जा. जाताना थांब म्हणाले तर ऐकू नकोस. त्या वळणावर तुझा टायर सरकला होता. घाबरायचं काम मी आदल्या दिवशीच उरकलं होतं.

तुझी
घाबरट आजी