पंचमीला मिश्री न पाठवण्याचे कारण

ती. रेवणप्पा दाजींना मैलूरहून सिद्धप्पाचा शरणु शरणार्थी. आम्ही ठीक. तुमचा गुडघा आणि निंबर्ग्याचा पाऊस, दोन्हींचे कळवावे. पत्र अक्काला वाचून दाखवालच. फक्त कंसातले मनात वाचावे.

यंदा पंचमीला अक्काला मिश्रीचा डबा येणार नाही. वीस वर्षे मी स्वतः तंबाखू तव्यावर भाजून, दोनदा वस्त्रगाळ करून पाठवली. तशी मिश्री बिदर जिल्ह्यात कुणाची नाही. पण उगादीला अक्का आली तेव्हा आमच्या महादेवीला तिच्या गालात पांढरा चट्टा दिसला. (ही म्हणते तुरीएवढा, माझ्या मते जोंधळ्याएवढा. तीन महिने झाले, अजून आहे ना?) मी इथल्या डॉक्टरांना विचारले. ते तंबाखूला ‘कार्सिनोजेन’ म्हणाले. मी लगेच कागद काढून शब्दाचे मूळ विचारले, तर म्हणतात, “सिद्धप्पा, लफ्ज छोडो, मरीज किधर है?”

चौथीपर्यंत शिकलो असलो तरी शब्द अर्धवट सोडणे माझ्या स्वभावात नाही. पाच दिवस कोश चाळले. ‘कार्किनोस’ म्हणजे ग्रीक लोकांचा खेकडा. गाठीभोवती फुगलेल्या शिरा त्यांच्या वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या दिसल्या. आपल्याकडेही कर्क म्हणजे खेकडाच. प्राणी तोच आणि नावाचा आवाजही जवळजवळ तोच, याचे मला फार नवल वाटले. ‘जेन’ म्हणजे उत्पन्न करणारा. म्हणून मी मराठीत शब्द बसवला: कर्कजनक. कौतुकाने महादेवीला सांगितला.

“खेकडा वढ्याला असतोय, गालात कामून येईल? आन् तुम्ही शब्द हुडकायलाव का अक्काला बोलवायलाव?”

मी कोश मिटला आणि हे पत्र लिहायला घेतले. (दाजी, जनक म्हणजे बाप. वीसही डबे माझ्या हातचे.)

तरी पंचमीची वाट न पाहता येत्या सोमवारच्या मोटारीने अक्काला घेऊन यावे. नवे लुगडे घेऊन ठेवले आहे असे सांगावे. (घेतलेले नाही, घेईन.)

आपला,
सिद्धप्पा

ता. क. तुम्ही कंस पाळणार नाही, हे मला ठाऊक आहे. अक्का, ऐकलंस ना सगळं? डॉक्टर म्हणाले, चट्टा म्हंजे लगेच खेकडा न्हाई. पण बघितल्याबिगर सांगता येत न्हाई.

आणखी एक. डबा भरण्याआधी दर वेळी मिश्री मीच लावून बघायचो. डॉक्टरांनी मलाही आ करायला सांगितलं, तेव्हाच मी शब्दाचं मूळ विचारत बसलो आणि निसटलो. अक्का, तू ये. आधी तू दाखव, मागून मी दाखवतो.