तळाशी बसलेलं सिप्रो

३ फेब्रुवारी
चौथा प्रयोग. ऊन कडक. टब १ उघडा, टब २ काळ्या ताडपत्रीखाली. दोन्हींत नाल्याचं पाणी आणि टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड. नाला दवाखान्यांच्या गल्लीतून येतो, म्हणून त्यात सिप्रो, म्हणजे अँटिबायोटिक औषध. शुद्ध पाण्यात ही पूड उन्हात दोन तासांत सिप्रो मोडते. नाल्याच्या पाण्यात अजून एकदाही नाही.

७ फेब्रुवारी
इंदूरच्या प्रयोगशाळेतून आकडे. दोन्ही टबांत फरक नाही. साबण, शेण, क्षार; पूड त्यांच्याशीच झटत बसते, सिप्रोपर्यंत पोचतच नाही.
गाइड सर फोनवर : "नाल्याच्या पाण्याचा एक तरी चांगला आकडा दे. अनुदानाचं दुसरं वर्ष मागता येईल. नाहीतर मार्चमध्ये बंद, समझो."
समजलं.

११ फेब्रुवारी
पाचव्याची तयारी. गच्ची कमलकाकूंची. त्या खाली राहतात, चार म्हशी आहेत, म्हशी त्याच नाल्यावर पाणी पितात. टबात डोकावून म्हणाल्या, "हे दूध कशाला ओतलं गं?"
पूड आहे, पाणी साफ करायला.
"साफ करायचं म्हणून पहले गंदा करते! वा, मॅडम."

१३ फेब्रुवारी
पाचवा. दुपारी जेवायला अर्धा तास खाली. तीनला नमुने घेतले. टब १ नितळ दिसला. ढवळायचा पंप बंद पडला होता. किती वेळ, माहीत नाही. वहीत नोंद केली नाही. करायला हवी होती.

१८ फेब्रुवारी
टब १ : सिप्रो पाचव्या हिश्श्यावर. तीनदा वाचलं.
सर : "बस, यही चाहिए था! आलेख पाठव."
आनंद झाला, साधारण मिनिटभर. मग नमुन्याची उरलेली बाटली उजेडात धरली. गाळल्यावरही पिवळसर झाक राहायची. या वेळी नाही.

१९ फेब्रुवारी
काकूंना विचारलं.
"तू जेवायला उतरली ना, तर मी ते मशीन बंद केलं अन् तुरटी फिरवली. हंड्यात फिरवते तशी. बघवेना मला. थोड्या वेळात सब नीचे बैठ गया." मग, "बिघडलं का काही?"
नाही म्हटलं.
तुरटीने सगळं तळाशी नेलं. पूड, घाण, घाणीला चिकटलेलं सिप्रो. मोडलं काहीच नाही. वरून खाली गेलं, एवढंच.

२१ फेब्रुवारी
खात्री हवी. टब २ मध्ये, ताडपत्रीखालीच, तुरटी फिरवली. काकूंना विचारून, त्यांच्या हाताने. खूश होत्या.

२५ फेब्रुवारी
अंधारातही तोच आकडा.
सरांना सांगितलं. "तुरटीचं लिहायला कोण सांगतंय तुला? आकडा झूठा थोडीच है."
खोटा नाही, हे खरं.

२७ फेब्रुवारी
दोन आलेख केले. उन्हातला एकटा, आणि उन्हातला-अंधारातला शेजारी शेजारी, खाली तुरटीची टीप. दुसरा पाठवला. निळी खूण लगेच आली.

२ मार्च
उत्तर नाही.
दोन्ही टबांचा गाळ एका कॅनमध्ये भरला. नाल्यातलं जे पकडलं ते सगळं यात. इंदूर घेत नाही, कॉलेज घेत नाही. कचरागाडीवाल्याने विचारलं, "गीला या सूखा?" सांगता येईना. तो पुढे गेला.
काकू : "नाल्यात ओतून दे ना. तिथूनच तर आणलं होतं."
मी जाऊन चिठ्ठी लिहिली : तारीख, सिप्रो, ओतू नये. मराठीत, खाली हिंदीत. कॅनवर चिकटवली. काकूंना दोन्ही भाषा वाचता येत नाहीत. उद्या मी दिवसभर कॉलेजात, कॅन इथेच गच्चीवर.