कोपरा नसलेली चिठ्ठी

३० मार्च १९४२, वाशीम

वह्या बंद! हेडबाईंनी वर्गात येऊन सांगितलं — कागद मिळत नाही, चौथीच्या मुलीसुद्धा आता पाटीवरच लिहितील. हे मी जुन्या हजेरीपटाच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेय, आणि तेही न विचारता उचललेल्या. शिवाय मुलींनी सैनिकांसाठी लोकरीचे मोजे विणायचे आहेत. आमच्याकडच्या उन्हात लोकर हातात धरवत नाही, सुया घामानं निसटतात. पण हुकूम म्हणजे हुकूम.

घासलेट नाहीच. जे लिहायचं ते उजेड आहे तोवर.

२ एप्रिल

प्रयाग आली होती. घरमालक उकंडरावांची सून. शेणाचे हात धुऊन पाटी घेऊन बसते. चार महिने झाले, अजून जोडाक्षराला अडते, पण सोडत नाही. बोट ठेवून एकेक अक्षर दाबत जाते, ओठ हलतात. शाळेतल्या चाळीसजणींत एक अशी असती तर माझा घसा वाचला असता.

तिचा नवरा जगदेव. कापसाच्या जिनात हमाली करायचा. दोन वर्षांपूर्वी भरतीवाले ढोल वाजवत आले आणि हा त्यांच्यामागे गेला. आता मलायात. चौथीपर्यंत शिकलेला, चिठ्ठी स्वतः लिहितो. या घरच्या चिठ्ठ्या मी वाचते, उत्तरंही मीच लिहिते. मागच्या पत्रात मी हौसेनं घातलं होतं, ‘प्रयाग आता स्वतःचं नाव लिहिते.’

सिंगापूर पडून दीड महिना झाला. तेव्हापासून काही नाही.

जगदेवाचा हात चालायचा, हे मी भिंतीआडून कितीदा तरी ऐकलंय. पण लढाईवर गेल्यापासून सगळे त्याचं चांगलंच बोलतात. मी पण बोलते.

२१ एप्रिल

लिहू की नको. लिहितेच.

सकाळी दहाला पोस्टमन आला. सासू गोजराबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती, प्रयाग गोठ्यात. लष्करी शिक्क्याचं पाकीट, बाजूनं फाडून पुन्हा चिकटवलेलं. गोजराबाईनं ते डोळ्यांना लावलं आणि माझ्याकडे दिलं. मी पायरीवरच उभी होते. कागद अर्धा बाहेर काढला. वरचा उजवा कोपरा नव्हता.

मृत्यूच्या पत्राचा कोपरा फाडतात. ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेरच वाचायचं, तिथेच फाडायचं, अंगावर पाणी घ्यायचं. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मला तर जास्तच. मी एकोणीस वर्षांची असताना अमरावतीला माझ्या सासऱ्यांच्या हातात तसंच कार्ड आलं होतं. माझ्या नवऱ्याचं. ते कार्डही मी वाचलेलं नाही, नुसता तो कोपरा पाहिला होता.

आजही पुढची एक ओळ माझ्यानं वाचवेना. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मी म्हणाले, “आत नेऊ नका.” एवढंच! तीन शब्द. गोजराबाईच्या हातातलं सूप पडलं. मी कागदाचे चार तुकडे करून उकिरड्यावर टाकले.

मग बायका जमल्या. प्रयागला गोठ्यातून ओढत आणलं. हात शेणानं भरलेले, तसेच धरून दगडावर बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात घुसली. ती रडली नाही. माझ्याकडे पाहत होती, मी काहीतरी अजून सांगीन अशी.

मी थंड पाण्यानं आंघोळ केली आणि शाळेत गेले. मोजे तपासले.

२२ एप्रिल

उकंडराव काल शेतावर होते. आज आले आणि नुसते बसले. सायंकाळी एकच विचारलं — चिठ्ठीत काय होतं. मी म्हटलं, फार नव्हतं. खोटं बोलले. वाचलीच नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू? बायका ज्या बाईकडे वाचायला येतात, तिनं न वाचता माणूस मेला म्हणावं?

पण मेला नसता तर कोपरा कोण फाडील!

१ मे

नदीवर जाऊन आले. प्रेत नाही, म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा केला होता. त्याला जगदेवाचं जुनं धोतर गुंडाळलं. सुकी पानं फटाफट पेटली, चहा उकळायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही. उकंडराव म्हणाले, “एवढासाच का रे बाप्पा?”

१९ मे

उकंडराव अकोल्याच्या भरती कचेरीत जाऊन आले. कारकून म्हणाला, नाव जिवंतांच्या यादीत नाही आणि मेलेल्यांच्याही नाही. बेपत्ता. उकंडराव मला विचारत होते, बेपत्ता म्हणजे नेमकं काय. गोजराबाई आतून म्हणाली, त्या कचेरीवाल्यांना काय माहीत, आपल्याला चिठ्ठी आली ना.

मी खोलीत येऊन मोजे विणत बसले.

१४ ऑगस्ट

तारा तोडल्यात. चार दिवस टपाल नाही. शाळा बंद, माझ्या वर्गातल्या दोन मुलींचे भाऊ तुरुंगात. गल्लीत शिट्टी वाजली की दारं लागतात.

प्रयाग अजूनही पाटी घेऊन येते. गोजराबाई म्हणते, आता कोणाची चिठ्ठी वाचायची आहे हिला! मी गोजराबाईला गप्प केलं. तेवढंच पुण्य.

३ डिसेंबर

ज्वारी पुन्हा चढली. साखर रेशनच्या चिठ्ठीवर. लुगड्यासाठी बायका पहाटेपासून रांगेत उभ्या, आणि दुकान उघडलं तर म्हणे कापड आलंच नाही. प्रयागला दोन लुगडी आहेत, त्यातलं एक गोजराबाईनं काढून घेतलं. विधवेला काय करायचं आहे. हे वाक्य मी माझ्या सासरी ऐकलंय, शब्द न् शब्द.

२१ जानेवारी १९४३

पाठकोरी पानं संपत आलीत. बारीक लिहिते.

आज अन्वरी आली. कोपऱ्यावरच्या तय्यब शिंप्याची बायको. तय्यबचा भाऊ मिसरकडे फौजेत आहे. त्याची उर्दू चिठ्ठी मला वाचता येत नाही, पण पाकिटावरचं इंग्रजी वाचून घ्यायला ती येते. तिनं कागद उलगडला. वरचा कोपरा नव्हता!

मी कागद तिच्या हातातून ओढलाच. म्हटलं, अन्वरी, हे केव्हा आलं? ती हसतच होती. म्हणाली, “सरकार कैंची मारते बाई. ऊपर गाव का नाम लिखा तो काट देते. दुश्मन कू पता नहीं चलना.”

आपण पत्रात गाव आणि तारीख कुठे घालतो? वरच्या उजव्या कोपऱ्यात.

मी चौथीच्या मुलींना पत्रलेखन शिकवते. दरवर्षी शिकवते!

२२ जानेवारी

उकिरड्यावर जाऊन काठीनं उकरून आले. नऊ महिन्यांनी काय सापडणार. एका बाईनं विचारलं, काही हरवलं का. मी म्हटलं, कानातलं. माझ्या कानात गेली अकरा वर्षं काही नाही, हे तिच्या लक्षात आलं असणार.

स्वतःलाच समजावते — चिठ्ठी जुनी असेल, सिंगापूर पडण्यापूर्वीची. तो मेलेलाही असू शकतो. बेपत्ताच तर आहे. पण माझ्या हातून जे आलं ती मरणाची खबर नव्हती. ती नुसती चिठ्ठी होती.

६ फेब्रुवारी

प्रयागचा पाट ठरला. रिठदचे बबनराव, बायको मागच्या वर्षी तापानं गेली, एक मुलगी आहे. प्रयागचा बाप येऊन पक्कं करून गेला. यांच्यात विधवेला पुन्हा घर मिळतं. आमच्यात नाही. मला हेवा वाटला, खोटं कशाला लिहू.

आणि आता बोललंच पाहिजे. पंधरा दिवस आहेत.

११ फेब्रुवारी

उकंडरावांच्या ओसरीपर्यंत गेले. ते एकटेच बसले होते. मी म्हटलं, एक बोलायचं होतं. तेवढ्यात गोजराबाई आली आणि सांगू लागली, की जगदेव स्वप्नात येत होता तो आता येत नाही, त्याचा आत्मा शांत झाला, मास्तरीणबाईंनी बरं केलं वेळेवर सांगितलं, नाहीतर क्रिया राहून गेली असती. मी भाडं देऊन परत आले. पाच तारखेला एकदा दिलेलंच होतं. उकंडरावांनीही घेतलं.

१७ फेब्रुवारी

आज प्रयागलाच सांगायचं ठरवलं. पाट लागण्याआधी तिला कळायलाच हवं, मग तिनं काय ते करावं. ती पाटी परत द्यायला आली होती. मी म्हटलं, बस, त्या चिठ्ठीबद्दल सांगायचं आहे. तिनं मान वर केली नाही.

“बाई, मले काही सांगू नका,” ती म्हणाली. “जे झालं थे झालं. मले जाऊ द्या आता.”

मी सुटले. माझी मलाच शिसारी आली, पण सुटले.

२२ फेब्रुवारी

काल अंधार पडल्यावर तिला छकड्यात बसवून नेलं. पाट उजेडात लावत नाहीत. हिरव्या बांगड्या भरल्या असतील आता.

बोलले नाही. आता बोलून उपयोग नाही, असं म्हणायचीही सोय झाली.

९ ऑक्टोबर

आठ महिन्यांनी लिहितेय. पानं नव्हती हे खरं, पण ते निमित्तच. लिहायची भीती वाटत होती.

आज कार्ड आलं. जपान्यांच्या कैदेतून. इंग्रजीत छापलेलं — मी बरा आहे, काम करतो — आणि खाली सही. जगदेव उकंडराव. सही त्याचीच. कार्ड वर्षभर कुठे कुठे फिरून आलंय.

या वेळी मी सगळं वाचलं. दोनदा. मोठ्यानं.

गोजराबाई आधी हसली, मग रडली, मग गुळाचे खडे वाटले. उकंडरावांनी कार्ड उलटून पाहिलं. गल्ली जमली. गर्दीतून कोणीतरी विचारलं, मग मेला म्हणून कोणी सांगितलं होतं? कोणी नाव घेतलं नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी सांगून टाकलं. कोपरा पाहिला, चिठ्ठी वाचली नाही. पायरीवर उभी राहून, जिथे तेव्हा उभी होते तिथेच.

उकंडरावांनी कार्ड बंडीच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, “बाई, आमी अडानी. तुमी तं वाचनाऱ्या होत्या.”

११ ऑक्टोबर

काल-आज एकही बाई चिठ्ठी घेऊन आली नाही. अन्वरीसुद्धा नाही. मुलींच्या आया शाळेच्या फाटकाशी कुजबुजतात. गोजराबाई भिंतीआडून मला ऐकू जाईल अशी शिव्या देते — आधी मला, मग प्रयागला. तिचं घर भरलं आणि माझ्या लेकाचं मोडलं, म्हणते. जगदेव आला की रिठदला जाऊन तिला ओढून आणील, म्हणते.

खोली महिनाअखेर सोडायची आहे.

२८ ऑक्टोबर

रोज तेच डोक्यात. जिवंत नवऱ्याची बायको मी दुसऱ्याच्या घरी घातली. फेब्रुवारीत तोंड उघडलं असतं तर वेळ होता. मला माहीत होतं! तिचा चांगला संसार असेल तर तो मोडायला मी जाणार, आणि वाईट असेल तर तोही माझ्यामुळे. तरी तिला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी जाऊन सांगायला हवं. पाया पडेन तिच्या.

४ नोव्हेंबर

नवी खोली शाळेमागे. कौलं गळकी. रविवारी रिठदकडे जाणारी एक गाडी आहे, गाडीवाला नेतो म्हणाला.

७ नोव्हेंबर, रविवार

रिठदहून आले. प्रयागला सातवा महिना आहे. अंगणात बसून ती तुरीची डाळ निवडत होती, बबनरावांची मुलगी मांडीला टेकून झोपलेली. मी बसायच्या आधीच सगळं सांगितलं — कोपरा, कात्री, न वाचता फाडलेली चिठ्ठी, जगदेव जिवंत असल्याचं कार्ड. आणि वाकले. तिनं माझे खांदे धरले, वाकू दिलं नाही.

“म्या वाचली होती थे चिठ्ठी,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिशी उकिरड्यावरून चारी तुकडे येचले. जोडून वाचाले दोन दिवस लागले मले. त्यात मरन नोतंच बाई. म्हशीचं इचारलं होतं तीनदा. अन् माह्यासाठी एक ओळ होती — लिवनं शिकून राह्यली म्हने, आलो का तिचे हातच मोडतो.”

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस.

“बांगड्या फुटून गेल्या होत्या,” ती म्हणाली. “म्हनलं, फुटल्या तं फुटू द्या.”