आईच्या फोटोसाठी लेन्स की फ्लॅश

अण्णा,

एक गंभीर तक्रार आहे, असाल तिथे जरा मांडी घालून ऐका. तुमच्या धाकट्या चिरंजीवांनी कॅमेऱ्याला नवी लेन्स घेतली आहे आणि तिला झूम नाही. इतकी महागाची वस्तू, आणि सोय कमी. मी त्याला तसं विचारलंही. तो म्हणाला, "दादा, प्राइम आहे ती. कमी उजेडात राजा. जवळून पाहिजे तर आपणच दोन पावलं पुढे जायचं." आपल्या घराण्यात आजवर कोणी दोन पावलं पुढे गेल्याचं मला स्मरत नाही. पण दिवाळीत, खारघरच्या माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच सोफ्यावरून उठून तो गेला, गुडघ्यांवर बसला आणि पणत्यांच्या उजेडात त्याने आईचा फोटो काढला.

फोटो चांगला आला. हे तीन शब्द लिहिण्याआधी मी उठून चहा करून घेतला. आईच्या गालावर पणतीचा पिवळा उजेड, नाकात लकाकणारी चमकी, आणि ती तोंडभर हसते आहे. तिच्याशेजारी जो भुरकट डाग आहे, तो मी. त्या लेन्सचा म्हणे तोच गुण : एक चेहरा स्पष्ट, बाकी सगळं विरघळतं. मावशीने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "बॅकग्राउंड काय मस्त ब्लर झालंय!" बारा महिने आईच्या गोळ्या, पथ्य आणि गरम पाण्याची पिशवी बघणारं ते बॅकग्राउंड, अण्णा.

आता येत्या पौर्णिमेला सोसायटीच्या हॉलमध्ये आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे. सुना-नाती तिला ताटभर दिव्यांनी ओवाळतील तेव्हा हॉलमधले बाकीचे दिवे बंद करायचे, असं ठरलंय. गुरुजी मी ठरवले, त्यांच्या संकल्पातली विभक्तीही मीच सुधारली आणि त्यांचा रोषही मीच पत्करला. त्याच भरात ग्रुपवर लिहून बसलो की फोटोसुद्धा मीच काढणार. 

म्हणून माझा जुना कॅमेरा घेऊन वाशीच्या दुकानात गेलो. माझ्या ऐपतीत दोन्हीपैकी एकच बसतं, धाकट्यासारखी लेन्स किंवा फ्लॅश. दुकानदार म्हणाला, "काका, फ्लॅश मारला की दिव्यांचा उजेड मेला समजा. छतावर मारून बाउन्स केला तरी तो मूड नाय येत. पण सगळे दिसतील. प्राइमने मूड येतो, पण फोकस एकाच माणसावर. बाकीचे गेले." मी म्हटलं, "सगळे दिसायला हवेत." तो म्हणाला, "मग फ्लॅश न्या, टेन्शन नाय." आणि मी काहीच न घेता बाहेर पडलो, कारण मला सगळे नको होते. मला धाकट्यासारखा फोटो हवा होता.

खरं म्हणजे फ्लॅश ही आपली परंपरा. डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात आई चकल्या पाडते आहे, तुम्ही दारात कॅमेरा डोळ्याला लावून उभे आहात. फ्लॅश चार्ज होतानाची ती बारीक शिटी चढत जाते. "हलू नका. कोणी हलायचं नाही," तुम्ही दटावता. आई सोऱ्या धरून गोठते, आम्ही दोघे श्वास कोंडतो, लखकन उजेड पडतो आणि सगळ्यांचे डोळे मिटतात. आपल्या अल्बमात अख्खं कुटुंब समाधिस्थ आहे. पुढे मी संस्कृतात पहिला आलो तेव्हा तुम्ही मला जाडजूड कोश दिलात. धाकटा गणितात गटांगळ्या खात होता, तर "याचा कशात तरी जीव रमू दे" म्हणून त्याला कॅमेरा दिलात. त्या कोशात मत्सर या शब्दाचे अर्थ भरपूर दिले आहेत, उतारा एकही नाही.

मी दुकानात जाऊन आलो हे धाकट्याला कुठून तरी कळलं. रविवारी तो ऐरोलीहून आला आणि लेन्सच माझ्या हातात ठेवून गेला. "विकत कशाला घेतोस दादा, ही वापर." याचा हा चांगुलपणा मला लहानपणापासून सोसत नाही. काल संध्याकाळी मी समई लावली, खोलीतले दिवे घालवले, आईला समोर बसवलं आणि म्हणालो, "आई, हलू नको." ती तशीच गोठली. फोटो काटेकोर आला, पासपोर्टला चालेल असा. "झालं का रे?" ती म्हणाली. "तो बाई बोलत असतो काढताना. तू परीक्षा घेतल्यासारखा उभा राहतोस." म्हणजे दोष लेन्सचाही नव्हता.

मग मी तिला फोटो दाखवायला कॅमेरा दिला. तिने चष्मा सारखा केला, पडदा डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "छान आलाय हो." कॅमेरा परत घेतला तेव्हा पडदा काळा होता. तिच्या हातात देण्याआधीच तो बंद झाला होता.

हे अजून कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात, तुम्हाला हे ग्रुपवर पुढे पाठवता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. धाकट्याला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. त्याला कळलं तर तो तिला ऐरोलीला घेऊन जाईल, आणि ती हसत जाईल. आईला दिसेनासं होतंय, अण्णा, आणि मला आधी भीती वाटली ती याची.