ढोल नाय, बेस

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
ता. ९ मार्च २०२५

तीर्थरूप सोनाजीदादा,

धाकट्या बिरूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. सारजावहिनीला इचारल्याचं सांगा, म्हाताऱ्या शेरडीला बी सांगा. फोन तुम्ही उचलत नाय, म्हणून कागद घेतला. तीन फाडले, हा चौथा.

गुलमंडीतल्या दुकानात कापड मोजायचं काम चालूच हाय. नवी खबर अशी, की मी वाजवायला शिकतोय. ढोल नाय, बेस गिटार. मोठी बी असती, पण माझी लहान जातीची हाय, करडावाणी काखंत मावती. चार जाड तारा, पण आवाज खालचा, पार छातीत घुमतो. द्वारकाबाई म्हणून हायेत, लोकगीतांचा बँड चालवतात. त्यांनी मला घेतलं. बोटांना फोड आलेत, हसू नका.

पहिल्या दिवशी लई फजिती झाली. बाई गायला लागल्या आन मी गप. ओळ संपली तसा तारांवर हात हाणला! सगळे दचकले. बाई म्हणल्या, "अहो, झोपला होता का? गाण्याच्या खालून वाजवत राहायचं." मी म्हणलं, "आमच्या ओव्यांत शब्द चालू असताना ढोलाला हात लावत नायत. दादानं मारून शिकवलंय." अजून बी माझा हात थबकतोच.

दुकानात पाय ताल धरतो, मालक वरडतो. जेवण गोड लागंना. बसलं की उठावं वाटतं, उठलं की बसावं. दादा, हे बेसमुळं नाय.

बाईंच्या गाडीत ढोल मावत नाय, म्हणून त्यांनी ढोलाच्या जागी बेस धरली आन ती वाजवायला मला घेतलं. आन पंधरा दिवसांमागं गावाकडून जत्रेचं सगळं बघणारा सांडूभाऊ आला होता. औंदा देवळापुढं तुमच्या ओव्यांऐवजी आमचा बँड ठेवलाय. "पोरांना नवं पाहिजे," म्हणला. "पण सोनाजीला कोण सांगणार?" मी बोलून गेलो, "मी सांगतो." जीभ झडली नाय माझी!

पंधरा दिवस सांगितलं नाय. तिकडं तुम्ही ढोलाच्या दोऱ्या आवळत असाल. ढोल गळ्यात घालून देवळापुढं याल आन तिथं मला बघाल.

मी नाय म्हणलो असतो तर दुसरा कुणी आला असता, असं मनाला सांगून बघितलं. पटंना. खरं हे, की मला पायजे होतं. बारा वर्सं तुमच्या मागं झांज धरली, एकदा पुढं उभं राहायचं होतं.

जत्रेला मी येणार, आन वाजवणार. शिव्या द्यायला तरी फोन उचला.

तुमच्या जागी उभा राहणारा,
बिरू